ओलेत्यातलं औषध

कुवेंपुनगर, मैसूर
१२ मार्च २०२३

चि. अदिती,

मायना लिहिला आणि पेन अडलं. पाठशाळेत राजाला, गुरूला, जावयाला कसं लिहावं ते सगळं घोकून घेतलं होतं. सहा वर्षं न बोलणाऱ्या धाकट्या बहिणीचं प्रकरण मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. तेव्हा आशीर्वाद कोरेच पाठवतोय, मजकूर तू भर. नकोसे वाटले तर तुमच्या कोपनहेगनात कचऱ्याचे म्हणे सात वेगवेगळे डबे असतात, त्यांतल्या योग्य त्यात टाक.

काम तुझ्या शास्त्राचं आहे. ओळखीच्या एका घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग निघाला. उपचारांत एक इंजेक्शन आहे, जंतूंपासून काढलेलं कसलंसं प्रथिन, आणि त्याला पॉलिमरच्या लांब साखळ्या जोडलेल्या. डॉक्टर श्रीविद्या म्हणून आहेत. हुशार बाई, पण समजावतात ते अर्धं इंग्रजीत नि अर्धं कन्नडात, आणि दोन्हीकडे घाईत. साखळ्या म्हटल्यावर तू आठवलीस.

खरं तर आधी तात्या आठवले. तू संशोधनाला लागलीस त्या वर्षी सुट्टीला आली होतीस. तात्या न्हाणीतून ओलेत्याने देवघराकडे निघाले होते, पंच्याचं पाणी फरशीवर गळतंय, आणि आपण सगळे भिंतीला चिकटून उभे, कारण पूजा होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "अगं, तू तिथे नेमकं करतेस तरी काय?" तू म्हणालीस, "तुम्ही करताय तेच, तात्या. औषधाच्या प्रथिनाला ओलेतं नेसवते."

मग दारातूनच समजावलंस. प्रथिन तसंच उघडं रक्तात सोडलं की शरीराचे पहारेकरी त्याला परकं म्हणून धरतात, आणि बाहेरची वाट दाखवतात. साखळ्या जोडल्या की त्या स्वतःभोवती पाणी धरून ठेवतात. मग ते ओलेत्यातलं प्रथिन आठवडेच्या आठवडे रक्तात हिंडतं, आणि कोणी त्याला शिवत नाही. तात्या खूश झाले. "म्हणजे तुमचं शास्त्र शेवटी सोवळ्यापर्यंत पोचलं तर," म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशीची घंटा जरा जास्तच जोरात वाजली होती.

प्रश्न एवढाच, की हे औषध चांगलं आहे ना?

शरदचंद्र

ता. क. ओळखीचं घर आपलंच. मुलगी इरा. हे वर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, एवढं मला कळतं.


४ मे २०२३

चि. अदिती,

ई-मेल मिळाली. चार ओळी, मायना नाही, सही नाही. सूत्रं लिहिणाऱ्या जुन्या लोकांनी तुझ्यापुढे हात टेकले असते. पहिली ओळ, औषध चांगलं आहे. दुसरी, ते तू बनवलेलं नाही, तू करतेस ते त्याचं चुलत भावंड. तिसरी, काही जणांचं शरीर त्या साखळ्यांनाच ओळखायला शिकतं, मग औषध फुकट जातं. चौथी, "अंगावर काहीही उठलं, कितीही थोडं, तरी डॉक्टरांना सांग. लपवू नकोस."

शेवटचे दोन शब्द औषधाबद्दल नव्हते, हे मी ओळखलं.

तू विसरली नाहीस. मीही नाही. सतरा सालच्या त्या पावसाळ्यात तात्या जायला टेकले होते, आणि मी तुला फोनवर रोज सांगत होतो, "तात्या ठीक आहेत, घाई करू नकोस." तुझं काम अडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. तू पोचलीस तेव्हा वडील जाऊन चौथा दिवस होता. सगळ्यांच्या समोर तू म्हणालीस, "अण्णा, मी पंधरा वर्षं रेणू झाकायला शिकतेय. तुला ते उपजत येतं." वाक्यरचना निर्दोष होती. विद्यार्थिनी असतीस तर पुरे गुण दिले असते.

आता बरी बातमी. पहिला डोस इराने झकास पचवला. डॉक्टरांनी तिला औषधाचं काम समजावलं. त्या दुष्ट पेशींना लागणारं एक द्रव्य त्यांना स्वतःला बनवता येत नाही, रक्तातून उचलून खातात. हे प्रथिन रक्तातलं ते द्रव्यच संपवून टाकतं, आणि पेशी उपाशी मरतात. इराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांना निर्जळी एकादशी." डॉक्टरांना एकादशी कळली, निर्जळी मी समजावली.

महिन्याने मज्जा तपासली. रोगाची पेशी दिसत नाही म्हणाल्या. तुझ्या अंबुजावहिनीने त्या दिवशी शेजारीपाजारी सगळ्यांना चित्रान्न वाटलं, नरसिंहमूर्तींना तर दोनदा. इराचे केस गेलेत, पण जीभ शाबूत आहे. औषधाला ती "आत्तेचं औषध" म्हणते. ते तुझं नव्हे हे मी तिला सांगितलेलं नाही. लहानपणी फोन हातात घेऊन तुला "बेग बा, आत्ते" म्हणायची, लवकर ये, लवकर ये, तीच ही. आता म्हणत नाही. मोठी झाली.

शरदचंद्र


२१ जुलै २०२३

चि. अदिती,

दुसरा डोस झाला. वॉर्डात वनजा नावाच्या नर्सबाई आहेत. इंजेक्शन झालं की समोर स्टूल टाकून तासभर इराकडे नुसत्या बघत बसतात, मांजर दुधाकडे बघतं तशा. मी विचारलं, आधीच ॲलर्जीची एखादी गोळी देऊन टाकली तर हे पहाऱ्याचं काम वाचणार नाही का? म्हणाल्या, "बेडा सार, नको. ते मुद्दाम देत नाही. शरीर भांडायला लागलं तर आम्हाला दिसायला पाहिजे. गोळी दिली की भांडण आत चालतं, बाहेर सगळं शांत." बाईंनी नाट्यशास्त्र वाचलं असतं तर रंगभूमीचं भलं झालं असतं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. अंगावर काही उठलं नाही. म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर दंडावर थोडं लाल दिसलं होतं, पण आदल्या दिवशी अंबुजाच्या माहेरून फणस आला होता आणि इराने तो माणसाने खाऊ नये इतका खाल्ला होता. सकाळपर्यंत गेलं. फणसाचंच असणार.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची एक मुलगी आहे. तिला पुरळ उठलं, म्हणून औषध बदललं. दुसऱ्या जंतूपासून काढलेलं आहे म्हणे. ते येईपर्यंत दोन महिने गेले, आणि आलं ते दिवसाआड मांडीत टोचायचं. ती पोर आता नर्सबाईंच्या चपलांचा आवाज ओळखते. इरा हे सगळं बघत असते.

शरदचंद्र


२ नोव्हेंबर २०२३

चि. अदिती,

हो, सांगितलं. फणसाचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या हरकत नाही. झालं समाधान?

तिसरा आणि चौथा डोस निर्विघ्न. वनजाबाईंनी दोन्ही वेळा तासभर बघितलं आणि कागदावर "काही नाही" असं लिहिलं. दोन शब्दांत एवढा आनंद मावतो हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

तुझी ई-मेल आता अकरा ओळींची झाली. खाली "अ." अशी सहीसुद्धा. अकार हा पहिला वर्ण, तेव्हा सुरुवात योग्य ठिकाणाहून झाली असं धरतो. इराने ती छापून आणून आपल्या टेबलासमोरच्या भिंतीला लावलीय, वेळापत्रकाच्या शेजारी. मी म्हटलं, "अगं, यात माझ्या रक्तदाबाची चौकशी आहे, तुझं काही नाही." म्हणाली, "तेच बघायला लावलंय, अप्पा."

मार्चमध्ये बारावीची परीक्षा देणार म्हणते. सध्या जेवताना रसायनशास्त्र आणि झोपताना माझं डोकं खाते. डोक्यावर बोटभर केस आलेत. कुरळे. आपल्या घराण्यात कुरळे कोणाचे होते? तात्यांनाच विचारायला हवं होतं.

दिवाळीचा फराळ टपालाने पाठवत नाही. तुमच्या देशात चकलीची चौकशी होईल.

शरद अण्णा


९ फेब्रुवारी २०२४

अदिती,

परत आलाय. मज्जेत सत्तर टक्के.

इराने परीक्षेचं प्रवेशपत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. अंबुजा स्वयंपाक करते आणि तो कोणी जेवत नाही. मी काल वर्गात एक ओळ वाचायला घेतली आणि तास संपेपर्यंत तीच वाचत राहिलो. मुलं बिचारी चांगली आहेत, प्रत्येक वेळी लिहून घेत होती.

आणखी काय लिहू?

शरद


२५ एप्रिल २०२४

अदिती,

तुझे दोन्ही मेल इराने वाचून दाखवले. फोन करू का असं विचारलंस. नको. फोनवर मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. कागदावर निदान खोडलेलं दिसतं.

हे दुसऱ्यांदाचे उपचार सुरू करताना डॉक्टरांनी तेच इंजेक्शन परत दिलं, आणि या वेळी सातव्या दिवशी रक्त काढून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं, औषध रक्तात किती जिवंत आहे ते बघायला. काल उत्तर आलं. श्रीविद्याबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. पहिल्यांदाच त्यांना घाई नव्हती.

"शून्य, सार. औषध शिरेत जातं आणि तिथल्या तिथे निकामी होतं. साखळ्यांच्याच विरुद्ध प्रतिपिंडं तयार झालीत. मला वाटतं मागचे दोन-तीन डोससुद्धा असेच गेले." मग त्यांनी फाइल मागे मागे उलटली. "वनजाची नोंद प्रत्येक वेळी 'काही नाही' आहे. घरी गेल्यावर सुद्धा कधी काही झालं नाही, अल्वा? नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

हे वाक्य लिहून मी थोडा वेळ उठून गेलो होतो. आता परत बसलोय.

म्हणजे तात्यांचं ओलेतंच ओळखीचं झालं. पहारेकऱ्यांनी आतला माणूस बघितलाच नाही. पंचा बघितला आणि धरलं.

ऑटोतून घरी येताना बल्लाळ सर्कलपाशी अंबुजा म्हणाली, "म्हणजे तो फणस नव्हता." मी बाहेर बघत होतो. ती म्हणाली, "सतरा वर्षं फणस खातेय ती. मीच कापून देते." त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी मिठाचं नि पाण्याचं बोलते, तेवढंच.

मला सांग, असं कसलीही खूण न दाखवता होऊ शकतं का? कोणाकोणाचं आपोआप, गुपचूप?

शरद


१७ जून २०२४

अदिती,

माझ्या प्रश्नाला तू उत्तर दिलंस. काहींचं तसं गुपचूप होतं, काहींना आधी खूण दिसते. आणि खाली तुझा प्रश्न. "अण्णा, पुरळ डॉक्टरांना खरंच सांगितलं होतंस का?"

नाही.

हे लिहायला मला पाच आठवडे लागले. दोन अक्षरांना पाच आठवडे हा वेग तुझ्या सूत्रांनासुद्धा लाजवणारा आहे. आता उरलेलंही लिहितो.

दंडावर थोडं लाल दिसलं असं मी तुला लिहिलं होतं. दंडापासून गळ्यापर्यंत गांधी उठल्या होत्या. घरात जुनी ॲलर्जीची गोळी होती, ती दिली, तासाभरात बसल्या. मी डॉक्टरांना सांगितलं नाही. शेजारच्या खाटेवरची ती मुलगी डोळ्यांसमोर होती. सांगितलं तर औषध बदलणार, नवीन महिनोन्महिने येणार नाही, आलं तर दिवसाआड सुया. हे औषध तर चाललंय, असं मला वाटलं. मज्जा स्वच्छ होती ना.

तिसऱ्या आणि चौथ्या डोसला घरून निघायच्या तासभर आधी मी इराला तीच गोळी दिली. दहीभातावर. जीवनसत्त्वाची आहे असं तिला सांगितलं. ठरवलं मी एकट्याने. अंबुजाला माहीत नव्हतं, इराला माहीत नव्हतं. वनजाबाई स्टुलावर बसून तासभर एका शांत चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मुद्दाम गोळी देत नाही असं ज्या बाईने मला समजावून सांगितलं, तिच्याच समोर. मी तेव्हा तिच्याशी नाट्यशास्त्राच्या गप्पा मारत होतो.

मला कळलंय ते असं. गोळीने औषध मारलं नाही. ते शरीरानेच मारलं. गोळीने फक्त खूण पुसली. खूण दिसली असती तर दुसरं औषध वेळेवर मिळालं असतं का, आणि त्याने इरा वाचली असती का, हे तुलाही सांगता येणार नाही. "अण्णा, तसंही झालं असतंच," असं मला लिहू नकोस. तुझ्या मनात तसं असलं तरी नको. या घरात दिलासा म्हणून जे जे झाकलं, त्याचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय.

श्रीविद्याबाईंना परवा सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फाइलमध्ये तारीख घालून लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या कोणाला उपयोग होईल, सार." पुढच्या कोणाला म्हणजे इराला नव्हे, हे व्याकरण मला येतं.

आता उपचार थांबवलेत. इरा घरी आहे, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. वेदनेचं औषध चालू आहे. बोलते. परवा मला म्हणाली, "अप्पा, तू शोकसभेत भाषण करणार असलास तर आत्ताच ऐकव, चुका काढते." मी म्हटलं, "सुम्मने बैस." ती खरंच सुम्मने, गप्प बसली, आणि ते मला सोसवलं नाही.

टपालाला बारा दिवस लागतात. इराच्या बारा दिवसांचीसुद्धा खात्री कोणी देत नाही. म्हणून ही पानं इराकडे देणार आहे. तिच्या फोनवर फोटो काढून ती तुला पाठवेल. म्हणजे ती वाचेल. तेही व्हायला हवं होतं. तोंडाने मला जमत नव्हतं.

सात वर्षांपूर्वी मी तुला जे वाक्य रोज सांगितलं, ते आज उलटं लिहितो. त्यात काहीही झाकलेलं नाही.

इरा ठीक नाही. घाई कर.

तुझा अण्णा


आत्ते,

मी इरा. माझी मराठी अशीच आहे, अप्पासारखी नाही. हा वेगळा कागद आहे, अप्पा बघितला नाही. त्याच्या पानांच्या नंतर याचा फोटो येईल.

मी सगळं वाचलं. जीवनसत्त्व असं कोणी मला सांगितलं नाही. आमच्या घरात त्याला व्हिटॅमिनच म्हणतात. मला ठाऊक होतं ती गोळी कशाची. मीच मागितली होती. अप्पा दोन दिवस बेडा, बेडा म्हणत होता, डॉक्टरांना सांगतो म्हणत होता. मग मी रडले. मग तो दिला. चौथ्या डोसला पण मीच आठवण केली. तो हे कुठेच लिहिला नाही, बघ. सगळं आपल्यावर घेतला.

मी त्याला सांगितलं होतं सुयांची भीती वाटते म्हणून. ते खोटं होतं, आत्ते. सुयांचं मला काही नाही. तुझं औषध आल्यावर तुम्ही दोघं लिहायला लागला. आधी चार ओळी, मग अकरा. औषध बदललं की विचारायला काही राहणार नाही, पत्रं पण थांबतील, असं मला वाटलं. तेवढंच.

हे अप्पाला कधी कळायला नको. मी हा कागद फोटो काढून फाडते. तू इतकी वर्षं झाकायचंच काम करतेस म्हणे. हे एक झाक.

बेग बा.